खिचडीच्या पातेल्यात दया टाकू नका

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुम्ही मला विषय दिलाय : 'रस्त्यावरच्या मुलांसाठी सेवाकार्य'. विषय चांगला आहे. फक्त त्यातला 'सेवा' हा शब्द मला टोचतो. या देशात सेवेचा मक्ता आपल्या बापजाद्यांकडे होता. मनूने शूद्राला एकच काम नेमून दिलं, वरच्या तिन्ही वर्णांची सेवा. तेव्हा सेवा म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आता हा शब्द उलटा फिरून आलाय. आता वरचा खालच्याची सेवा करतो. रविवारी, तासभर, मोबाईल समोर धरून.

तुमच्यातल्या काही पोरांनी पुलाखाली दर रविवारी खिचडी शिजवायला सुरुवात केलीय. मीही काही वर्षं हेच काम करतोय. त्यावरून तुमच्यात दोन तट पडलेत असं कानावर आलं. एक तट म्हणतो, भुकेल्याला आधी घास द्या, तत्त्वज्ञान मागून झाडा. दुसरा म्हणतो, पँथरच्या पोरांनी जर खिचडी वाटायची तर देवळाच्या अन्नछत्रात आणि आपल्यात फरक काय? भीक वाटली की राग थंड होतो, आणि राग थंड झाला की चळवळ मेली.

हे भांडण खरं आहे. ते मिटवायची घाई करू नका. आज मी मिटवायला आलेलो नाही. नीट कसं भांडायचं तेवढं बोलायला आलोय.

पहिला प्रश्न. ही पोरं कुणाची?

पांढरपेशा माणूस त्यांना 'अनाथ' म्हणतो. शब्द मोठा सोयीचा. अनाथ म्हटलं की बाप कोण, आई कुठाय, गाव का सुटलं, जमीन कुणी खाल्ली, हे काहीच विचारावं लागत नाही. जशी काय आभाळातून टपकली पोरं! टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि ॲक्शनएड यांनी मुंबईतल्या रस्त्यावरच्या मुलांची मोजणी केली, तिचा अहवाल २०१३ साली आला. मोजलेली पोरं ३७,०५९. आणि त्यातली दोन तृतीयांशाच्या आसपास आपल्या आईबापांसोबत रस्त्यावर राहणारी. म्हणजे अनाथ नव्हेत. त्यांना आई आहे. ती पलीकडच्या सिग्नलला गजरे विकतेय. बापही आहे. तो नाक्यावर उभा आहे, नाहीतर चौकीत बसवलेला आहे. या पोरांना नाही ते छप्पर, रेशनकार्ड आणि दाखला. हे तिन्ही देव देत नाही. सरकार देतं. किंवा देत नाही.

मुंबईच्या, ठाण्याच्या सिग्नलवर उभं राहून विचारा, "कुठले रे तुम्ही?" सोलापूर, उस्मानाबाद, बीड, जालना ही नावं ऐकू येतील. त्यात पारध्यांची बिऱ्हाडं पुष्कळ. यांचा इतिहास तीन तारखांत सांगतो. १८७१ साली इंग्रजाने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यानंतर एकेक जमात जन्माने चोर ठरत गेली, आईच्या पोटातलं पोरसुद्धा. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, कागदावर माणूस मोकळा झाला. आणि १९५९ साली आपल्याच मुंबई राज्याने भीक मागण्याला प्रतिबंध करणारा कायदा केला. त्यात भीक म्हणजे काय? नुसता हात पसरणं नव्हे. गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं, काही वस्तू विकायला पुढे करणं हेही त्या व्याख्येत बसवलंय. पोटापाण्याचं साधन दिसत नसताना रस्त्यात फिरणं हेही बसवलंय. पहिल्यांदा सापडला तर वर्ष ते तीन वर्षं डांबून ठेवायची सोय. आता मला सांगा, नंदीबैलवाला, डोंबारी, जोशी, गोसावी, पारधी यांच्या सगळ्या धंद्यांची यादी करून 'हे गुन्हे' असं लिहिलं असतं तर ती यादी याहून वेगळी झाली असती का? २०१८ साली दिल्लीच्या हायकोर्टाने या कायद्यातली बरीच कलमं दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. पण कायदा जन्मला तो मुंबईत.

आमच्यातला एकजण मला म्हणाला, "पण दादा, ही आपल्या समाजाची पोरं नाहीत. पारधी आहेत, मुसलमान आहेत, बिहारी आहेत. आपल्या वस्तीतली पोरं काय कमी उपाशी आहेत?" मी त्याला १९७३ सालचा पँथरचा जाहीरनामा काढून दाखवला. दलित कोण? त्यात अनुसूचित जाती आहेत, जमाती आहेत, नवबौद्ध आहेत, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, बाया, आणि धर्माच्या नावाने, पैशाने, सत्तेने पिळलेले सगळे आहेत. व्याख्या भिंतीवर रंगवायला सोपी असते. पुलाखाली ती पाळायची वेळ आली की कळतं आपण किती पँथर आणि किती जातवाले.

दुसरा प्रश्न. दान का नको?

माहीमला दर्ग्याच्या बाजूला काही हॉटेलं आहेत. दारात फुटपाथवर माणसं उकिडवी बसलेली असतात, रांगेने. गाडी थांबते, एखादा येतो, गल्ल्यावर दहा माणसांचे पैसे टाकतो. पहिली दहा माणसं आत जातात, जेवतात. बाकीची पुढे सरकतात. मी त्या हॉटेलवाल्याला शिव्या देणार नाही, त्या रांगेतल्या माणसाला तर नाहीच. जो उपाशी आहे त्याने कुणाच्याही पैशाने जेवावं, त्यात त्याची लाज नाही. मी बोलतोय ते त्या रचनेबद्दल. देणारा उभा, घेणारा उकिडवा. देणाऱ्याची इच्छा झाली तर जेवण, नाहीतर बस आपला. हे आपण कुठे पाहिलंय? आपल्याच म्हाताऱ्यांना विचारा. येसकराची पाळी असलेला महार संध्याकाळी घरोघर फिरून भाकर मागायचा. उरलीसुरली, शिळी, वरून टाकलेली. तिला 'हक्काची भाकर' म्हणायचे! दिवसभर गावाची फुकट राबणूक आणि रात्री टोपलीत तुकडे, हा हक्क.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी लोकांना नुसतं पाणी प्यायला बोलावलं नव्हतं. मेलेलं ढोर ओढू नका, खाऊ नका, उष्ट्या-शिळ्या तुकड्यांसाठी हात पसरू नका, हेही तिथंच सांगितलं. उपाशी माणसांना सांगितलं हे, लक्षात घ्या. आणि त्यांनी ऐकलं. कितीतरी घरांत त्या रात्रीपासून चूल थंड राहिली असेल, पण टोपली गावात गेली नाही. आपण त्या माणसांची नातवंडं-पतवंडं. म्हणून माझा पहिला नियम : लग्नाच्या हॉलमधलं उरलेलं जेवण पुलाखाली आणायचं नाही. कुणी फोन करतो, "पुलाव उरलाय, पोरांना चालेल ना?" मी म्हणतो, तुमच्या पोरांना सकाळी चालेल का? मग बघू.

वाढदिवसवाले येतात. केक आणतात. आपल्या पोराच्या हातून वाटायला लावतात. म्हणतात, "त्याला कळावं की आपण किती नशीबवान आहोत." म्हणजे आमच्या पोराची भूक ही तुमच्या पोराच्या शिकवणीचं पुस्तक! आणि फोटो. त्या फोटोत पोरगी हात पुढे करून उभी असते. ती मोठी होईल, तिचा तो हात कायमचा पुढे राहील. आपल्याकडे फोटो बंद. देणगीदार रुसला तर रुसू दे.

मग प्रश्न येतो, जेवू घालायचंच कशाला?

इथं मी दुसऱ्या तटाला विचारतो. तुम्ही स्वतःला पँथर म्हणवता. नाव कुठून आणलंत? अमेरिकेत ओकलंडला १९६६ साली ब्लॅक पँथर पक्ष निघाला, त्यावरून १९७२ साली मुंबईत आपण नाव घेतलं. काळं जॅकेट आपल्याला माहीत आहे, बंदूक माहीत आहे. पण १९६९ च्या जानेवारीत त्याच ओकलंडच्या सेंट ऑगस्टिन चर्चमध्ये त्यांनी काळ्या वस्तीतल्या शाळकरी पोरांना रोज सकाळी फुकट न्याहारी द्यायला सुरुवात केली, हे किती जणांना माहीत आहे? पोरं उपाशीपोटी वर्गात बसतात, त्यांच्या डोक्यात अक्षर शिरणार कसं, एवढा साधा हिशेब. बघता बघता कितीतरी शहरांत ती न्याहारी पसरली. आणि एफबीआयचा मुख्य, एडगर हूव्हर, त्याला सगळ्यात जास्त धास्ती कशाची वाटली? त्या न्याहारीची. बंदूकवाल्याला तुरुंगात टाकता येतं, पण ज्याच्या घरचं पोर पँथरच्या हातचं जेवून शाळेत गेलंय त्या आईला पँथरच्या विरोधात कसं उभं करणार? १९७५ साली अमेरिकेच्या सरकारने शाळेतली न्याहारी ही कायमची योजना केली. सगळं श्रेय पँथरांचं असं मी म्हणणार नाही. पण उपाशी पोर हा सरकारचा गुन्हा आहे, हे त्यांनी चव्हाट्यावर मांडलं.

आणि एवढं लांब कशाला जायचं? १८७७ च्या दुष्काळात जोतीराव, सावित्रीबाई आणि सत्यशोधकांनी पुण्याजवळ धनकवडीला बालाश्रम काढून दुष्काळातल्या पोरांना जेवू घातलं. आणि त्यानंतर सहा वर्षांनी, १८८३ साली, जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. हे पोर उपाशी का, याचा बाप नागवला कुणी, याचा हिशेब त्यात मांडला. आधी पंगत, मग असूड. नुसती पंगत घातली असती तर जोतीराव आज कुठल्यातरी ट्रस्टच्या भिंतीवर 'दानशूर' म्हणून टांगलेले दिसले असते. आणि पंगत न घालता नुसता असूड ओढला असता, तर दुष्काळातली ती पोरं तो ऐकायला उरली नसती.

तेव्हा भांडण 'घालायचं की नाही' याचं नाहीच. घातल्यावर पुढे काय मागायचं, याचं आहे.

आता हिशेबाचं बोलू. आकडे लिहून घ्या. शाळेतल्या दुपारच्या जेवणाचं सरकारी माप असं : पहिली ते पाचवीच्या पोराला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं धरलंय. म्हणजे ५० पोरांना ५ किलो तांदूळ, १ किलो डाळ, अडीच किलो भाजी, पाव किलो तेल. आपलं रविवारचं पातेलं जवळपास एवढंच असतं. आपण वर्षाला ५२ वेळा ते चुलीवर ठेवतो. उरलेले ३१३ दिवस काय? तुम्ही जिवाचं रान केलंत तरी ३१३ दिवस तुमच्या हातात येणार नाहीत. पण शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा वर्षातून किमान २०० दिवस भरलीच पाहिजे. पोर शाळेत गेलं की २०० दिवसांचं जेवण त्याचा हक्क, उपकार नव्हे. २००१ साली सुप्रीम कोर्टाने शिजवलेलं जेवण द्या म्हणून हुकूम केला, २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तो हक्क पक्का केला. २००४ साली कोर्टाने हेही सांगितलं की हे जेवण शिजवायला दलित, आदिवासी बायांना प्राधान्य द्या. म्हणजे ज्यांच्या सावलीचा विटाळ होता त्यांच्या हातचं गावाच्या पोरांनी खावं. हा काय साधा हुकूम आहे? कित्येक गावांत सवर्णांनी पोरांचे डबे घरून पाठवले, ते याच्यामुळे.

म्हणून आपलं ५२ दिवसांचं पातेलं कशासाठी? तर त्या २०० दिवसांच्या पातेल्यापर्यंत पोराला नेण्यासाठी. पोर पोटभर जेवलं की बसतं. बसलं की बोलतं. बोललं की नाव कळतं, आई कळते, गाव कळतं. खिचडी म्हणजे आपली शिरगणतीची जागा.

आणि सरकार तरी सुखाने देतंय का? महाराष्ट्रात २०२३ साली शाळेत आठवड्याला एक अंडं सुरू झालं. २०२५ च्या जानेवारीत त्याचा निधी काढून घेतला आणि शाळांना सांगितलं, लोकवर्गणीतून बघा. आलं लक्षात? सरकारच आता म्हणतंय, दान मागा! हक्काचं अंडं पुन्हा टोपलीत गेलं. अशा वेळी आपण दहा ट्रे अंडी वाटून फोटो काढला तर सरकार आपल्याला हारच घालील. आपण अंडी द्यायची, जरूर द्यायची, आणि त्याच पोरांच्या आयांना घेऊन अंड्याचा निधी परत मागायला जायचं.

आता एका पुलाखालची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, पुलाचंही आणि पोरीचंही.

नऊ-दहा वर्षांची पोरगी. पहाटे आईसोबत दादरच्या फुलबाजारातून मोगरा आणायचा, पुलाखाली बसून गजरे ओवायचे, दिवसभर सिग्नलला विकायचे. कडेवर कायम बारका भाऊ. आकडेमोड तोंडपाठ. वीस रुपयांना दोन, तर पन्नासला किती आणि किती परत, हे तुमच्याआधी सांगायची. शाळेचं नाव काढलं की हसायची. जवळच्या शाळेत घेऊन गेलो. "जन्माचा दाखला आणा." जन्म कुठं? माळावर, पालात. दाखला कुठला? मी कायद्याची प्रत पुढे ठेवली. कलम १४ म्हणतं, वयाचा पुरावा नाही म्हणून कुठल्याही मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही. कलम ४ म्हणतं, वयाला साजेशा वर्गात घ्या आणि मागे पडलेलं शिकवून काढा. कलम १५ म्हणतं, वर्ष सुरू झालं असलं तरी घ्या. हुज्जत झाली. शेवटी नाव लागलं. हजेरीपटावर तिचं नाव बघून आई म्हणाली, "हे आमचंच नाव हाय का?"

आठ दिवस पोरगी गेली. नवव्या दिवशी पुन्हा सिग्नलवर, बारकं कडेवर. आईला विचारलं तर म्हणाली, "दादा, ही साळंत गेली तर बारक्याला कोण बघल? गाडीखाली गेलं तर?" बरोबर होतं तिचं. दान देणाऱ्याला इथं राग येतो. म्हणतो, "एवढं करूनसुद्धा या लोकांना शिकायचंच नाही!" अरे, तुझ्या घरी मूल सांभाळायला बाई येते म्हणून तुझी पोरगी शिकतेय.

बारक्याला अंगणवाडी हवी होती. पुलाखाली अंगणवाडी नाही, कारण पुलाखालची वस्ती सरकारच्या नकाशात नाही. पण २००६ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय : ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० पोरं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथं मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती दिली पाहिजे. आम्ही मोजली. रात्री मोजली, कारण दिवसा आया सिग्नलवर. पूल आणि पलीकडचा फुटपाथ मिळून ४३ भरली. आयांचे अंगठे घेतले, अर्ज दिला, पोच घेतली.

महिना गेला आणि एका सकाळी तोडक कारवाईची गाडी आली. पालं गेली, गोधड्या गेल्या, मोगऱ्याच्या टोपल्या गेल्या. आमचं खिचडीचं पातेलंही गाडीत गेलं. १९८५ साली फुटपाथवाल्यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचं साधन येतं. आणि त्याच निकालात रीतसर नोटीस देऊन झोपड्या हटवायची वाटही मोकळी ठेवलीय. इथं तर नोटीसही नव्हती. बिऱ्हाडं पांगली. काही लाईनीच्या पलीकडे भिंतीला टेकली, काही दुसऱ्या स्टेशनाला गेली, काही गावाकडे.

आता नीट ऐका, कारण खरा डाव इथं आहे. ४३ मधली २९ पोरं आम्हाला त्या भिंतीपाशी सापडली. २९. म्हणजे ४० च्या खाली. तुमच्या मागणीला लागणारा आकडाच मोडून टाकला. कुणी ठरवून केलं असं मी म्हणत नाही, ठरवायची गरजच नाही. गरिबाला पांगवत राहिलं की त्याचा आकडा कधीच पुरा होत नाही. आणि आकडा पुरा झाला नाही की तो कायद्यात बसत नाही. मग तो फक्त दयेत बसतो.

हे तोडायचं तर पातेल्याबरोबर वही लागते. आमच्या वहीत प्रत्येक पोराचं नाव आहे, आईचं नाव, गाव, वय, शाळा, लस, कागद काय आहेत आणि काय नाहीत. पारधी फासेपारधी असेल तर तो अनुसूचित जमातीत येतो, आणि दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा राहत्या जागेचा पुरावा मागतात. ज्यांना गावकीने एका जागी टिकू दिलं नाही त्यांनी सत्तर-पंच्याहत्तर वर्षांपूर्वीचा पत्ता द्यायचा! तरी जुन्या कैदखान्याच्या, पोलिसांच्या नोंदींत आज्याचं नाव सापडतं कधीकधी. ज्या कागदाने चोर ठरवलं तोच कागद दाखल्याच्या कामी लावायचा. हे काम कंटाळवाणं आहे. यात घोषणा नाही, ढोल नाही. पण वही जाळता येत नाही, कारण तिच्या तीन प्रती तीन घरांत आहेत.

पुलाखालचे आमचे बाकीचे नियम थोडक्यात सांगतो. शिजवणार त्याच वस्तीतल्या बाया, आणि त्यांना मजुरी मिळणार. आपण पोरांसोबत खाली बसून तेच जेवणार. प्रार्थना नाही, उपदेश नाही, 'जयभीम म्हण मग वाढतो' हे तर मुळीच नाही. जो आपल्या झेंड्यासाठी पोराला रांगेत उभं करतो तो आणि भजनवाला सारखाच. सोल्यूशन ओढून आलेल्या पोरालाही ताट मिळणार, त्याला हाकलायचं नाही. घरातून पळून आलेलं, एकटंच भटकणारं पोर दिसलं तर त्याला आपल्या खोलीवर न्यायचं नाही, १०९८ ला फोन करायचा आणि माणूस येईपर्यंत त्याच्यापाशी बसायचं. जमाखर्च दर महिन्याला मोठ्याने वाचायचा, पोरांसमोर. कुणाचे पैसे आले आणि कशाला गेले हे ज्याच्या नावाने आले त्याला कळलंच पाहिजे.

आणि आता कामाचं. भिंतीपाशी २९ पोरं आहेत. आपल्याला अकरा हवीत. त्या भिंतीला आधीपासून राहणारी बिऱ्हाडं आहेत, त्यांची बारकी पोरं कुणी मोजलेली नाहीत. जी दुसऱ्या स्टेशनाला गेलीत त्यांचा माग काढायचाय. खोटं नाव एकही लिहायचं नाही, एक जरी खोटं निघालं तरी सगळी वही खोटी ठरेल. रात्री दहानंतर जायचं, बायका कार्यकर्त्या सोबत हव्यात. जिला भाषा येते अशी एक पारधी मुलगी आपल्यासोबत यायला तयार आहे, तिचं ऐकायचं.

दोन तट पडलेत म्हणालात ना? दोन्ही तटांतले पाच-पाच जण आजच नावं द्या. पाच जण पातेलं सांभाळा, पाच जण वही. पुढच्या महिन्यात जागा बदला. चाळीस पुरी झाली की नवा अर्ज, नवी पोच, आणि तीन महिने मोजायला सुरुवात. मोर्चा कधी काढायचा ते त्या आया ठरवतील.

नावं लिहायला वही इथंच ठेवतो.

जयभीम.